तुरीचं एकच झाड हिरवं राहिलं, आता त्याचं काय करू?

पत्र, थोडक्यात, नाव-गाव गाळून:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका २८ वर्षांच्या कास्तकार पोराचं पत्र आहे. सात एकर कोरडवाहू वावर, सोयाबीन-तूर अन् थोडी पऱ्हाटी. दोन वर्षांआधी मर रोगानं तूर उभी वाळत होती, त्यात धुऱ्याजवळ, जुन्या उकिरड्याच्या बाजूला एक झाड हिरवंगार अन् शेंगांनी लदलेलं दिसलं. त्यानं ते वेगळं सोंगलं, दीडशेक ग्रॅम लाल दाणा निघाला. मागच्या वर्षी त्यातलं थोडं बी सहा तासांत, म्हणजे सहा ओळींत, टोबलं. तीनशेच्या आसपास झाडं झाली, शंभरावर वाळली, बाकीची जगली, पण जगलेल्यांत कोणी उंच कोणी ठेंगणं, कोणाचा दाणा लाल तर कोणाचा पांढरा. सगळं एकत्र काढलं, नऊ किलोचं पोतं भरलं. मूळ झाडाचं मूठभर बी अजून बरणीत आहे.

गावातले व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून 'नवीन व्हरायटी' म्हणून राहिले. एक बियाण्याचा एजंट पूर्ण पोत्याचे पन्नास हजार देतो म्हणतो. वडील म्हणतात देऊन टाक, वावर पोट भरायसाठी आहे, खेळायसाठी नाही. धाकटा भाऊ म्हणतो लोन काढून स्वतःचीच कंपनी टाकू. पोरगा विचारतो, 'काकू, बी बिघडलं का? एकसारखी झाडं का नाही आली? यूट्यूबवर क्रॉस करायचं शिकून राहिलो, ते करू का? का माझ्यासारख्या बीए झालेल्याचं हे कामच नाही?'

बेटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते झाड दिसलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उकिरडा दिसला. तू एका ओळीत 'धुऱ्याजवळ, जुन्या उकिरड्याच्या बाजूला' लिहिलं अन् पुढं निघून गेला, मी मात्र तिथंच अडकली.

का अडकली ते सांगते. मी एकोणीस वर्षांची होती, तुरीच्या एका संशोधन फार्मवर रोजंदारीनं नुकतीच लागली होती. तिथल्या सरांनी सांगितलं, जा, प्लॉटातली सगळ्यात चांगली दहा झाडं उपटून आण. मी दोन्ही हातांत मावणार नाहीत अशी झाडं घेऊन आली, एकेका झाडाला शेंगाच शेंगा, मला वाटलं आता शाबासकी भेटते. सरांनी झाडांकडे बघितलंच नाही, विचारलं कोणत्या तासातून आणली. मी सांगत गेली, हे कडेच्या तासातलं, हे पाण्याच्या नालीजवळचं, हे जिथं बाजूची दोन झाडं मेली होती तिथलं. ते हसले अन् म्हणाले, 'पोरी, याची तारीफ नको करू, याच्या शेजाऱ्याची कर, तो मेला म्हणून हे फुगलं.' तरी त्यांनी मुद्दाम ते बी पुढच्या वर्षी माझ्याच हातानं पेरायला लावलं. दहाच्या दहा तास बाकीच्या प्लॉटासारखेच निघाले, एकही वेगळा नाही. मी पुढं सव्वीस वर्षं त्या कामात होती पण त्या दहा तासांइतकं दुसऱ्या कशानं शिकवलं नाही.

तर पहिली गोष्ट ही की आपण वावरात जे झाड बघतो त्यात दोन गोष्टी एकमेकांत मिसळून असतात, एक त्याच्या बियातलं अन् एक त्याच्या जागेतलं. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. खत जास्त भेटलं, ओल टिकली, बाजूला मोकळी जागा भेटली की कोणतंही झाड पाटलासारखं दिसतं, पण बियातून पुढच्या पिढीत जातं ते फक्त पहिलं, उकिरडा काही बियासोबत जात नाही. डेन्मार्कमधल्या योहान्सन नावाच्या माणसानं १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवून दिलं होतं. एकाच झाडापासून चालत आलेल्या शुद्ध ओळीतले सगळ्यात मोठे दाणे वेगळे पेरले, सगळ्यात लहान वेगळे पेरले, अन् दोघांच्या लेकरांचं सरासरी वजन सारखंच आलं. शुद्ध ओळीत निवडायला काही उरलेलंच नसतं, लहान-मोठं दिसतं ते जागेमुळे. निवड कामी येते ती जिथं बियातच फरक आहे तिथं. आता तुझ्या झाडाच्या बियात फरक आहे का, हा खरा प्रश्न, अन् त्याचं उत्तर तुझ्या पत्रात लपलेलं आहे, येते मी त्यावर.

त्याआधी मर रोगाचं बोलू. तुझं म्हणणं, सगळी तूर मेली अन् हे एक जगलं म्हणजे याच्यात ताकद आहे. असेलही. पण मरची बुरशी मातीत राहते, मेलेल्या तुरीच्या धसकटात तीन-तीन वर्षं जिवंत राहते, अन् ती सगळ्या वावरात सारखी पसरलेली नसते, चकत्या-चकत्यांनी असते. तुझं झाड धुऱ्याला होतं. बुरशी तिथवर पोचलीच नसेल तर ते झाड नुसतं नशिबानं वाचलं. अन् बाकीची तूर मरनंच मेली का हेही बघायला पाहिजे, कारण पाणी साचून मेलेली तूर अन् मरनं मेलेली तूर दुरून सारखीच दिसते. मरची खूण अशी की खोडावर खालून वर चढत जाणारा जांभळट पट्टा दिसतो, अन् खोड विळ्यानं उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघा दिसतात. यंदा झाड वाळलं की चिरून बघ, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक शंका माझ्या मनात आली होती, ती सांगून टाकते. बाजारात मरला टिकणारी तूर काही नवीन गोष्ट नाही, आशा नावाची जात १९९३ पासून आहे, ती मर अन् वांझ रोग दोघांनाही टिकते, हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतून आलेली. आता पाकिटात चार दाणे भेसळीचे येतातच, मळणीयंत्रातून येतात, पोत्यातून येतात. म्हणजे तू शोधलेली 'नवीन व्हरायटी' ही पाकिटात चुकून आलेली जुनी आशाच असू शकते. मी कितीतरी लोक बघितले जे दुसऱ्याचीच जात 'सापडली' म्हणून चार-चार वर्षं उराशी धरून बसले.

पण मग मी तुझं पत्र परत वाचलं, त्यात दाण्याच्या रंगाचं वाक्य आहे अन् तिथं माझी शंका मीच मागे घेतली. बरणीतलं मूळ बी लाल आहे ना? अन् त्या लाल दाण्याच्या झाडाच्या लेकरांत पांढऱ्या दाण्याची झाडं निघाली. तुरीत साधारणपणे लाल रंग पांढऱ्यावर भारी असतो, दोन्ही एकत्र आले की दाणा लालच दिसतो. आई जर आतून पूर्ण लाल असती तर मधमाशीनं कुठलाही पराग आणला असता तरी लेकरं लाल दाण्याचीच आली असती. पांढरी आली म्हणजे आईच्या आतच पांढरा दडलेला होता. म्हणजे तुझं ते झाड मुळातच संकर होतं, आधीच्या वर्षी कोणाच्या तरी वावरात मधमाशीनं एका तुरीचा पराग दुसरीवर नेऊन सोडला, त्यातून झालेलं बी तुझ्या धुऱ्याला उगवलं. शुद्ध आशा ते नव्हतं, फार तर त्याचा बाप आशा असेल!

तेव्हा 'बी बिघडलं का' या प्रश्नाचं उत्तर, नाही बिघडलं, फुटलं. संकराची पहिली पिढी जोमदार असते, तुझं झाड लदलेलं दिसलं त्यात उकिरड्याचा वाटा असेल तसा या जोराचाही असेल. पण त्याचं बी पेरलं की आई-बाप दोघांचे गुण वेगवेगळे फुटून निघतात, कोणी उंच, कोणी ठेंगणं, कोणी मरलं, कोणी तरलं. कपाशीच्या हायब्रीडचं बी घरचं वापरू नको असं दुकानदार सांगतो ना, त्याचं कारण हेच. त्याला ते नुकसान आहे. पण जो माणूस निवडायला बसला आहे त्याच्यासाठी ही फूट म्हणजेच माल, सगळं एकसारखं आलं असतं तर निवडलं काय असतं? तुला जे बघून वाईट वाटलं ते बघून आमचे सर चहा मागवायचे.

आता इथं दादाजी खोब्रागडेंची गोष्ट तुला कोणीतरी सांगितलीच असेल, नाही सांगितली तर मी सांगते, कारण ती आपल्या विदर्भातलीच आहे अन् लोक ती अर्धीच सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथल्या या माणसाला १९८३ साली पटेल-३ नावाच्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यानं त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेला, अन् त्यातून बारीक दाण्याचा, खायला चवदार असा एचएमटी धान झाला, तेव्हा एचएमटी घड्याळाचा जमाना होता म्हणून ते नाव. जमीन जेमतेम होती, शाळा जेमतेम झालेली. २०१८ साली ते वारले तोवर त्यांचा धान कुठल्या कुठं पोचला होता. त्यांच्या पदरात त्या मानानं काय पडलं ते वेगळं दुःख आहे.

ही गोष्ट ऐकून तुझ्यासारखी पोरं म्हणतात, मग मी पण तसंच करतो. पण धान स्वतःचंच स्वतःवर फळतं, वेगळी लोंबी काढून पेरली की तिचे गुण लवकर टिकतात. तूर तशी नाही. तुरीचं फूल बरंचसं आतल्या आतच फळतं हे खरं, पण मधमाशा अन् भुंगे त्यात जाऊन येऊन राहतात, कुठं पाच टक्के तर कुठं वीस-तीस टक्के फुलं परक्या परागानं फळतात. दादाजींची निवड शेजाऱ्याचा धान बिघडवू शकला नाही, तुझी निवड शेजाऱ्याची तूर एका हंगामात बिघडवेल. म्हणून तुला त्यांच्यापेक्षा एक काम जास्त आहे, झाकायचं.

आता काय कर ते सांगते. हे तुझ्यासाठी सांगते पण ज्याला ज्याला वावरात वेगळं झाड दिसलं त्या सगळ्यांना लागू आहे, मग हरभरा असो का सोयाबीन, फक्त त्या दोघांत झाकायची कटकट नाही कारण ते जवळजवळ पूर्ण आतल्या आतच फळतात.

बरणीला हात लावू नको. ते मूठभर बी म्हणजे तुझा मूळ दस्तऐवज आहे, चांगलं वाळव, घट्ट झाकण लाव, आत थोडी राख टाक, वर तारीख लिहून चिकटव. पुढं काही चुकलं तर परत इथूनच सुरू करता येईल. मागच्या वर्षी तू सगळी जगलेली झाडं एकत्र मळली, तिथं एक चूक झाली, आता कोणत्या दाण्याची आई कोण हे सांगता येत नाही, पण असू दे, मेलेली तर त्यात नाहीत ना, म्हणजे एक चाळणी लागलेली आहे.

यंदा पोत्यातलं पावशेर बी घे अन् तुझ्या वावरात जिथं दरवर्षी सगळ्यात आधी तूर मरते त्या कोपऱ्यात दोन गुंठे पेर. लोक उलटं करतात, लाडाच्या बियाला चांगली जागा देतात, पण तुला तर ते मरते का हेच बघायचं आहे. अन् दर दोन तासांनंतर एक तास त्या जातीचा टाक जी दोन वर्षांआधी मेली होती. या मरणाऱ्या तासाशिवाय तुझ्या प्रयोगाला अर्थ नाही. ती मेली अन् बाजूची तुझी जगली तरच म्हणता येईल की तुझ्या तुरीत काही आहे. तीही जगली तर समजायचं यंदा त्या कोपऱ्यात रोगच आला नाही, अन् तुझी झाडं जगली म्हणून नाचायचं कारण नाही. मागच्या वर्षी तुझी तीनशेतली शंभर मेली, पण बाजूच्या नेहमीच्या तुरीत किती मेली ते तू लिहिलंच नाही. मोजलं नसशील. सगळे तेच करतात, स्वतःचं लेकरू मोजतात, शेजाऱ्याचं मोजत नाहीत. (त्या कोपऱ्यातली माती डवऱ्याला-फाळाला लागून बाकीच्या वावरात जाऊ देऊ नको, अवजार झटकून धुऊन घे.)

एक वही कर. पेरणीची तारीख, निम्म्या झाडांना फूल लागलं ती तारीख, दर महिन्याला किती मेली, फुलाच्या मागच्या पाकळीवर लाल रेघा आहेत का, शेंगेवर जांभळे पट्टे आहेत का, दाण्याचा रंग, शंभर दाण्यांचं वजन. सोनाराचा काटा लागत नाही, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर शंभर दाणे मोजून होते. मोबाईलमध्ये फोटो काढ पण वही सोडू नको, फोटो हरवतात.

फूल लागायच्या वक्ताला जी झाडं जिवंत अन् मनासारखी आहेत त्यातली वीस-पंचवीस निवड, कडेची सोडून, ज्याचा शेजारी मेला ती सोडून, आता कारण तुला माहीत आहे. प्रत्येकाच्या दोन-तीन फांद्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बांध. बांधण्याआधी उमललेली फुलं अन् लागलेल्या शेंगा तोडून टाक, नुसत्या कळ्या राहू दे, म्हणजे आत जे फळेल ते त्याचं स्वतःचंच. अन् सोंगणीला प्रत्येक झाडाचं ते पिशवीतलं बी वेगळ्या पाकिटात, नंबर टाकून. पुढच्या वर्षी एका पाकिटाचा एक तास. तेव्हा खरी मजा येते बघ, कारण आता झाडाचा न्याय त्याच्या लेकरांवरून होतो. ज्या तासात अर्धी झाडं मेली तो पूर्ण तास बाद, त्यात एखादं झाड कितीही सुंदर असू दे. हे जीवावर येतं. आमच्याकडे म्हणायचे निवडणं सोपं, टाकणं कठीण, अन् या कामात शंभरातली पंच्याण्णव टाकायचीच असतात.

किती वर्षं? प्रत्येक पिढी स्वतःवरच फळली की आतला गोंधळ निम्मा होतो, निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा. सहा पिढ्यांत दीड टक्क्यावर येतो, मग तास एकसारखा दिसायला लागतो. त्यानंतर दोन-तीन वर्षं उत्पन्नाची परीक्षा, चांगल्या जातीच्या बाजूला, तीन वेगवेगळ्या जागी, कोणता तास कुठं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, नाहीतर हात आपोआप लाडक्याला चांगली जागा देतो. अन् ती परीक्षा सोयाबीनच्या सोबतच घे जशी तू रोज पेरतो, कारण एकटी पेरल्यावर फोफावणारी तूर सोयाबीनमध्ये दबून जाते असं कितीदा बघितलं. एक तुकडा भारी काळ्या जमिनीत, एक मुरमाडात. म्हणजे आठेक वर्षं धर. तू ३६ चा होशील. तसाही होशीलच म्हणा.

क्रॉसचं विचारलं तू. लहानपणी मी हायब्रीड कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटात जायची, आपल्याकडच्या कितीतरी बाया जायच्या. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं भोवतीचा पाकळ्या-पुंकेसराचा गाळा एका फिरकीत काढून टाकायचा, मधली दांडी तेवढी ठेवायची, खूण म्हणून कागद अडकवायचा अन् दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्यावर फिरवायचं. एका फुलाला एक मिनिटही नाही लागत. १९७० साली गुजरातेत सुरतेच्या केंद्रात एच-४ निघालं, जगातलं पहिलं व्यापारी कपाशीचं हायब्रीड, ते चाललं ते अशा हजारो बायांच्या नखावर. तुरीचं तसं नाही. तुरीची कळी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, ती चिमट्यानं उघडायची, आतले दहाचे दहा पुंकेसर काढायचे अन् मधल्या नळीला धक्का लागू द्यायचा नाही, पराग कळीतच पिकतो म्हणून वेळही कच्चीच धरावी लागते. दिवसभरात शंभर कळ्या केल्या तर त्यातल्या थोड्याच शेंगा धरतात. शिकायचं तर शिक, हात बसला की आनंदाचं काम आहे. पण आत्ता नाही. मधमाशीनं तुला फुकटात क्रॉस करून दिला आहे, तो निवडून संपवायच्या आधी दुसरा कशाला करतो? क्रॉस ही सुरुवात असते, खरं काम नंतरच्या सहा-सात वर्षांचं, अन् यूट्यूबवाला ती सहा-सात वर्षं दाखवत नाही. रेडिएशनचंही कोणीतरी तुझ्या डोक्यात घातलं असेल, अकोल्याच्या विद्यापीठानं अन् ट्रॉम्ब्याच्या भाभा केंद्रानं मिळून टीएयू-१ उडीद अन् टीएजी-२४ भुईमूग काढला तो त्याच मार्गानं, पण तेही शेवटी निवडीवरच येऊन थांबतं, गॅमा किरण मारले म्हणजे चांगलं झाड निघत नाही, नुसती वेगवेगळी निघतात, त्यातली बहुतेक बेकार.

आता पन्नास हजार. खरं सांगू का, नुसता हिशेब केला तर विकणं मूर्खपणा नाही. या पोत्यातून काही निघेल याची मी खात्री देऊ शकत नाही, वीसात एखाद्यावेळी निघतं. घरी कर्जाचा हप्ता अडला असेल, बहिणीचं लग्न असेल, तर पैसा पैसा असतो अन् तुझे वडील चुकीचं बोलत नाहीत. मला खटकतं ते 'पूर्ण पोतं'. तुरीच्या नऊ किलोला कोणी पन्नास हजार देतो तो डाळ करायला नेत नाही, अन् पूर्णच पाहिजे म्हणतो कारण तुझ्याकडे काही उरू नये. त्याला म्हण, तीन किलो नेऊन ट्राय कर, कागदावर लिहून दे की कोणाकडून कधी नेलं. तो तयार झाला तर माणूस ठीक आहे. नाही झाला तर तुला उत्तर भेटलंच. बरणी मात्र कोणत्याच भावात नाही.

कायद्याचं थोडक्यात. २००१ चा पीक वाण संरक्षण अन् शेतकरी हक्क कायदा आहे, त्यात कास्तकारानं स्वतः तयार केलेला वाण त्याच्या नावानं नोंदवता येतो अन् त्यासाठी कास्तकाराला फी लागत नाही. नोंद झाली की पिकाच्या वाणाला जास्तीत जास्त पंधरा वर्षं हक्क. पण नोंदणीसाठी वाण बाकीच्यांपासून वेगळा, एकसारखा अन् पिढ्यान्पिढ्या तसाच राहणारा पाहिजे. तुझ्याकडे आज जे आहे ते यातलं काहीच नाही, एका पोत्यात दीड-पावणेदोनशे वेगवेगळ्या तुरी आहेत. म्हणून भावाला सांग, ज्याला अजून जातच म्हणता येत नाही त्यावर लोन काढून कंपनी टाकणं म्हणजे पोरगी बघायच्या आधी मंडप बांधणं. त्यात बियाणं विकायला लायसन लागतं. घरचं बी पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचा हक्क त्याच कायद्यानं तुला आहे, फक्त ब्रँडच्या पाकिटात घालून नाही. अन् व्हॉट्सअॅपवर गाव वाटत सुटण्याआधी एवढं कर, आजच्या तारखेचे फोटो, वही, अन् थोडं बी घेऊन जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, जमलं तर अकोल्याला कडधान्यवाल्यांकडे. अकोल्यातच राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे, जुने-वेगळे वाण जपून ठेवतात ते लोक. विचारताना 'मी नवीन जात काढली' म्हणून नको जाऊ, म्हण 'मर लागलेल्या वावरात हे टिकलं, याची परीक्षा कशी घेऊ'. पहिल्या वाक्याला खुर्ची भेटत नाही, दुसऱ्याला चहा भेटतो.

बीए झालास म्हणून हे तुझं काम नाही हे तुला कोणी सांगितलं? तुझी आजी खळ्यावर राशीतून भरदार कणसं वेगळी काढून, राखेत घोळून मडक्यात ठेवत होती की नाही? ती निवडच होती, तिला पिढ्या अन् टक्के माहीत नव्हते एवढंच. डिग्री लागते ती दुसऱ्या कामांना, रोगाची प्रयोगशाळा, दहा राज्यांतल्या ट्रायल, डीएनए. रोज सकाळी वावरात जाऊन तेच तास बघायला डिग्रीवाल्याला वेळ नसतो, तुला आहे.

वडिलांशी भांडू नको. दोन गुंठे माग, सात एकरातले दोन गुंठे, अन् मरणारा कोपरा, जिथं तसंही काही पिकत नाही. बहुतेक ते हो म्हणतील. अन् निवडायच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा, काही न सांगता विचार की बाबा यातली कोणती पाच झाडं ठेवू. तुझी यादी आधीच खिशात ठेव, मग जुळवून बघ. तुझी पांढऱ्या अन् लाल दाण्याची डाळ वेगवेगळी शिजवून आईला चव विचार, कारण मरला टिकून, शेंगा लदूनही जी डाळ वरणात शिजत नाही ती कोणी दुसऱ्यांदा पेरत नाही.

जून लागायला थोडे दिवस उरले. मच्छरदाणीचं कापड आत्ताच घेऊन ठेव, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरीला फूल येईल तेव्हा शोधत फिरशील. बारीक छिद्राचं घे, फाटकं चालत नाही, मधमाशी शिरते. अन् पिशवी बांधण्याआधी फांदी उलटी-सुलटी करून नीट बघ, पानाखाली शेंगा पोखरणारी अळी तर नाही ना. मी एकदा न बघता बांधली होती. पंधरा दिवसांनी उघडली तर आत एक जाडजूड अळी अन् रिकाम्या शेंगा.